टर्कीची परसातील उबवण व पिल्लांचे संगोपन

टर्की (मेलिआग्रिस गॅलोपाव्हो) हा मोर, तितर व कोंबडी यांच्याच फॅसिअॅनिडी कुलातील, मूळचा उत्तर अमेरिका व मेक्सिकोतील मोठा भूचर पक्षी आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत तो मुख्यतः हौसेखातर किंवा शेतीला जोड म्हणून पाच-दहाच्या संख्येने पाळला जातो. अशा ठिकाणी यंत्राऐवजी मादी स्वतः, किंवा अधिक करून खुडूक बसलेली गावठी कोंबडी, अंडी उबवते. प्रस्तुत नोंद या पद्धतीपुरती मर्यादित आहे.

नाव व आगमन : या पक्ष्याइतकी भूगोलाची गफलत क्वचितच दुसऱ्या पाळीव पक्ष्याच्या नावात झाली असेल. तुर्की व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पोहोचणाऱ्या आफ्रिकी गिनी कोंबडीशी घोटाळा होऊन इंग्रजीत ‘टर्की’ हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानतात. खुद्द तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच ‘दँद’चा अर्थ ‘हिंदचा’ असा होतो, तर डच ‘काल्कून’मध्ये केरळातील कालिकत बंदराचे नाव दडले आहे. पोर्तुगीजांनी मात्र ‘पेरू’ हे नाव दिले आणि हिंदीत ते पेरू किंवा पीरू या रूपांत उतरले. मराठीत पेरू हे फळ आहे. त्या फळनामाचे मूळ काही जण पोर्तुगीज ‘पेरा’ (नासपती) या शब्दात, तर काही जण पेरू देशाच्या नावात शोधतात. गोव्याच्या कोकणीत या फळाला ‘पेर’ म्हणतात, हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. फळाने शब्दाची जागा आधीच अडवल्यामुळे पक्ष्याला तो मराठीत चिकटला नसावा.

मेक्सिको व लगतच्या प्रदेशात टर्की किमान दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळली असावी. ग्वातेमालातील एल मिराडोर येथे सापडलेल्या, इ.स.पू. ३०० ते इ.स. १०० या काळातील मानल्या गेलेल्या हाडांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा पक्षी तेथे रानटी आढळत नसल्याने तो पाळीव अवस्थेत नेला गेला असावा, हे अनुमान सयुक्तिक आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पॅनिशांनी तो युरोपात नेला. भारतात तो गोव्यातील पोर्तुगीजांमार्फत आला, याचा चांगला पुरावा जहांगीराच्या आत्मवृत्तात आहे. १६१२ मध्ये त्याचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून आणलेल्या नवलाच्या प्राण्यांत हा पक्षी होता. त्याचे डोके व मान कधी पोवळ्यासारखी, कधी कापसासारखी, तर कधी पिरोजी होते, असे बादशहाने नोंदवले आहे. माजावरचा नर पाहिलेल्या कोणालाही हे वर्णन पटेल. त्याचा चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

अंडी घालण्याचा काळ : मादी साधारण ३० आठवड्यांची झाल्यावर अंडी घालू लागते. भारतीय परिस्थितीत तिच्याकडून वर्षाला ६० ते १०० अंडी मिळतात. अंडे मळकट पांढरे, तपकिरी ठिपक्यांचे व ७० ते ८५ ग्रॅम वजनाचे असते. दिवस मोठा होऊ लागला की प्रजननाला चालना मिळते, म्हणून व्यापारी प्रक्षेत्रांवर माद्यांना १४ तासांहून अधिक प्रकाश देतात. सातारा-सांगलीच्या अक्षांशावर मात्र सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा १३ तासांहून थोडाच अधिक असल्याने समशीतोष्ण देशांतल्याप्रमाणे येथे हंगामाची सीमारेषा ठळक नसते.

पाच माद्यांमागे एक नर पुरेसा असतो. अवजड जातीत हे प्रमाण तिनास एक ठेवतात. मादीच्या जननमार्गातील सूक्ष्म नलिकांत शुक्राणू कित्येक आठवडे जिवंत राहतात, त्यामुळे नर विकून टाकल्यावरही काही काळ फलित अंडी मिळत राहतात. उलट नराशिवाय घातलेल्या अंड्यातही क्वचित गर्भवाढ सुरू होते. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे १९५० च्या दशकात ओल्सन यांनी या अनिषेकजननाचा सविस्तर अभ्यास केला. अशा अंड्यांतून बाहेर येणारी मोजकी पिल्ले नरच असतात.

घरटे व रवण (अंड्यांवर उबवणीस बसणे) : टर्की जमिनीवर अंडी घालते आणि जागा लपवते. माळावर घाणेरीच्या जाळीत, बागायतीत उसाच्या फडात किंवा कडब्याच्या गंजीच्या सांदीत ती अंडी ठेवते, वर पाला ओढते आणि परतताना वाकडी वाट करून येते. बहुतेक अंडी ती दुपारनंतर घालते, ही गोष्ट कोंबड्या पाळण्याची सवय असलेल्यांच्या ध्यानात येत नाही. सकाळी अंडी उचलून खुराडे उघडले की टर्कीचे अंडे रानात पडते आणि मुंगूस किंवा घोरपड ते गाठते. म्हणून हंगामात मादी संध्याकाळपर्यंत आवारातच ठेवून, आडोशाला पाचट घातलेली दोन फूट रुंदीची खोल पाटी द्यावी आणि अंडी उचलताना एखादे खूण म्हणून मागे ठेवावे.

उचललेली अंडी न धुता, टोकदार बाजू खाली करून थंड जागी ठेवतात व आठवडाभराच्या आत उबवणीस घालतात. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत एप्रिल-मेच्या उष्म्यात गर्भ अर्धवट वाढून मरू लागतो, तेथे हा अवधीही जास्तच ठरतो.

मादी एका वेळी १० ते १५ अंड्यांवर बसते आणि २८ दिवसांनी पिल्ले निघतात. ती दिवसातून एकदाच उठते, भराभर खाते-पिते, मोठी व उग्र वासाची विष्ठा टाकते आणि परत येऊन बसते. पाटीजवळ हात नेला तर अंग पसरून फुत्कारते. गावठी कोंबडीला रवणीवर बसवायचे झाल्यास तिच्या पोटाखाली पाच-सहापेक्षा अधिक टर्कीची अंडी मावत नाहीत. तिची स्वतःची उबवण २१ दिवसांची असल्याने उरलेला आठवडा ती टिकेल की नाही, हे आधीच्या रवणीवरून ओळखावे लागते. दहाव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडे धरून निकामी अंडी काढून टाकतात.

पिल्ले : टर्कीची आई पिल्लाला डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक ओळखते. श्लाइट व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बहिऱ्या केलेल्या माद्यांनी स्वतःचीच पिल्ले मारली, कारण पिल्लांचा चिवचिवाट त्यांना ऐकू येत नव्हता. पिल्ले उचलून बाजूला ठेवायची आणि दोन दिवसांनी परत सोडायची, हा खेळ त्यामुळे धोक्याचा आहे.

पहिल्या आठवड्यातील मोठी मर उपासमारीने होते. अन्न समोर असूनही पिल्लू चोच मारत नाही. भांड्यात रंगीत गोट्या टाकणे हा यावरचा रूढ उपाय असून, गोटीवर चोच आपटता आपटता पिल्लाला पाणी व भरडा सापडतो. दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुस्करून देतात आणि एक लिटर पाण्यात १०० मिलिलिटर दूध मिसळून पाजतात. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा यांना प्रथिने जास्त, सुमारे २८ टक्के, लागतात. आई नसेल तर दिव्याखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवून दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवतात. तळाला गुळगुळीत कागद घातल्यास पाय फाकतात, म्हणून भाताचे तूस किंवा गोणपाट वापरतात.

ओल हा सर्वांत मोठा शत्रू आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर व शिराळा या पावसाळी पट्ट्यात जूनमध्ये निघालेली पिल्ले जगवणे कठीण असते. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत रवण बसवल्यास पावसाआधी ती निदान दहा आठवड्यांची होतात. तोवर दिवसा डालग्याखाली किंवा घारीपासून आडोसा असलेल्या कोरड्या आवारात ठेवून लसूणघास बारीक चिरून देतात.

रोग : कोंबडीच्या पंखाखाली टर्की वाढवण्याची सोय एका रोगामुळे अडचणीची ठरते. हिस्टोमोनियासिस हा एकपेशीय परजीवीने होणारा, आंतडे व यकृत यांचा रोग आहे. परजीवी कोंबडीच्या आतड्यातील हेटेरॅकिस या कृमीच्या अंड्यांतून पसरतो. ही अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि गांडुळांमार्फतही पिल्लापर्यंत जातात. कोंबडी वरकरणी धडधाकट राहते, टर्कीचे पिल्लू मात्र गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकून दगावते. म्हणून पिल्ले कोंबडीसह फार तर काही आठवडे, तीही कोंबड्या न फिरलेल्या जागेत ठेवावीत, हे मत अधिक सुरक्षित दिसते. कोंबडीला आधी कृमिनाशक देऊन घेतल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पहिल्या दिवशी व दुसरी सहाव्या आठवड्यात, तर देवीची चौथ्या-पाचव्या आठवड्यात देण्याचा प्रघात आहे. लसीची कुपी बर्फावर आणून उघडल्यावर लगेच संपवावी लागते, त्यामुळे पाच-सहा पिल्लांचा मालक सहसा शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या लसीकरणाचाच दिवस साधतो.