हिरव्या पाटीचा टेम्पो: ठाण्यात पार्सलसाठी इलेक्ट्रिक तीनचाकी घेताना

शोरूममध्ये किमतीच्या आधी एकच विचारा: गाडी कोणत्या वर्गात पास झाली आहे? पुढचे सगळे कागद त्या उत्तरावर ठरतात.

मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल, तर कायद्याने ते मोटार वाहनच नाही. ना नंबर, ना लायसन्स. दुचाकीवाले हेच सांगून माल खपवतात. कोपरीत आमच्या शेजारच्या पोराने अशीच स्कूटर घेऊन पार्सलचं काम धरलं. पोलिसांनी अडवून मोटरवरची पट्टी वाचली तेव्हा आकडा भलताच निघाला. म्हणून पट्टी स्वतः वाचा.

त्यावरची पायरी ई-कार्टची, म्हणजे मालाच्या छोट्या बॅटरी गाडीची: तीन चाकं, ४००० वॉटपर्यंत. हिला नोंदणी लागते, आणि लायसन्ससाठी किमान १० दिवसांचं प्रशिक्षण. मात्र घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ माल भरून चढायचा असेल तर माझं मत, पूर्ण ताकदीचा तीनचाकी टेम्पोच घ्या. नौपाड्याच्या गल्ल्यांपुरतं काम असेल तर ई-कार्ट चालून जाते.

टेम्पोच्या नोंदणीची फाइल बहुतेक वेळा डीलरच ऑनलाइन भरतो. त्यात फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला), विमा, आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा. कर्ज असेल तर बँकेचं नाव आणि सही फॉर्म २० वरच येते.

फाइल अडते ती पत्त्यावर. माझ्या आधारवर गावचा पत्ता होता आणि भाडेकरारात खोलीचा नंबर चुकलेला. फाइल परत आली, आठवडा गेला. नोंदणीकृत भाडेकरार आणि वीजबिल आधीच ताडून पाहा. पत्त्यावरच आरटीओ कार्यालयही ठरतं: ठाणे शहर एमएच ०४, कल्याण-डोंबिवली एमएच ०५, ऐरोली ते बेलापूर वाशीचं एमएच ४३. खारघरवाले स्वतःला नवी मुंबईचे म्हणवतात, पण त्यांची फाइल पनवेलला, एमएच ४६ मध्ये जाते.

नोंदणी व्यावसायिकच करा. खाजगी नोंदणीच्या गाडीवर भाड्याचा माल वाहिला तर दंड होतोच, पण अपघात झाला की विमा कंपनीही हात वर करते. पाटी पाहून कळतं: हिरव्यावर पिवळी अक्षरं व्यावसायिक, पांढरी अक्षरं खाजगी.

परमिटची भीती नको. एकूण वजन ३००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला ते लागतच नाही. प्रवासी वाहतुकीच्या बॅटरी गाड्यांनाही केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये परमिटमधून सूट दिली. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरी गाड्यांना नोंदणीची फी माफ आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन करही माफ आहे. त्यामुळे डीलरच्या कोटेशनमध्ये 'आरटीओ खर्च' म्हणून गोल आकडा दिसला, तर तो कशाचा, ते ओळीओळीने लिहून मागा.

पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) लागत नाही. फिटनेसचा, म्हणजे गाडी ठीक असल्याचा दाखला मात्र लागतो: नव्या, कंपनीतूनच पूर्ण बांधून आलेल्या गाडीला पहिली दोन वर्षं तो मिळालेलाच धरतात, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. मुदतीची तारीख आरसीवर (नोंदणीच्या दाखल्यावर) छापलेली असते, ती मोबाइलमध्ये टाकून ठेवा.