काउंटरमागच्या भिंतीवरचा फोटो कोणाचा?
(सुटे भाग नेणाऱ्या आणि दुरुस्तीला वस्तू देणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्या काउंटरमागे एका परदेशी गृहस्थांचा फोटो आहे. हे कोण, असं बरेच जण विचारतात. गर्दीच्या वेळी नीट सांगता येत नाही आणि अर्धवट सांगणं आम्हाला बरं वाटत नाही, म्हणून हे पत्रक.

हे विल्सन ग्रेटबॅच. शरीरात बसवायचा पेसमेकर, म्हणजे मंदावलेल्या हृदयाला विजेच्या इशाऱ्याने ठोके द्यायला लावणारं यंत्र, प्रत्यक्ष वापरात आणणाऱ्यांत यांचं नाव फार वर आहे. जन्म 1919 चा, अमेरिकेतल्या बफेलो शहरातला. लहानपणापासून हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवण्याचं वेड. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या विमानांवर रेडिओ सांभाळला, परत आल्यावर संसार मांडला आणि मग कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर झाले.

आता मुख्य गोष्ट. ग्रेटबॅच तेव्हा बफेलो विद्यापीठात शिकवत होते आणि हृदयाचे ठोके नोंदवणारं एक सर्किट जोडत होते. त्यात 10 किलोओहमचा रेझिस्टर (विजेचा प्रवाह अडवणारा छोटा भाग) लागणार होता. डब्यातून उचलला तो निघाला 1 मेगओहमचा, म्हणजे शंभरपट मोठा. प्रोजेक्टसाठी आमच्याकडे येणाऱ्या मुलांनी दोन्ही रेझिस्टर शेजारी ठेवून बघावेत. किती ओहमचा ते त्यावरचे रंगीत पट्टे सांगतात. एकावर तपकिरी, काळा, नारिंगी. दुसऱ्यावर तपकिरी, काळा, हिरवा. फरक फक्त तिसऱ्या पट्ट्याचा.

सर्किट चालू केलं तर ते 1.8 मिलिसेकंद धडकायचं, एक सेकंद गप्प राहायचं, पुन्हा धडकायचं. दुसऱ्या कोणी शिव्या घालून रेझिस्टर उपटला असता. ग्रेटबॅच बघत राहिले, कारण ही हृदयाच्या ठोक्यांसारखी लय त्यांच्या ओळखीची होती. काही वर्षांपूर्वी, 1951 मध्ये, कॉर्नेलच्या प्राण्यांच्या फार्मवर ते मेंढ्या-बकऱ्यांना ठोके मोजायची यंत्रं जोडत होते. तिथे जेवणाच्या सुट्टीत दोन सर्जनांनी त्यांना हार्ट ब्लॉक समजावून सांगितला होता. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा खाली पोचत नाही आणि ठोके मंदावतात. त्या काळचे पेसमेकर शरीराबाहेर असायचे, मोठे खोके, भिंतीतल्या प्लगवर चालणारे, आणि त्यांचे झटके पेशंटला सोसवत नसत. हे मशीन शरीराच्या आत मावलं पाहिजे, हा विचार ग्रेटबॅच यांच्या डोक्यात तेव्हापासून होता. आमच्या मते चुकीच्या रेझिस्टरइतकंच श्रेय त्या जेवणाच्या सुट्टीचं आहे.

7 मे 1958 रोजी बफेलोतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात डॉ. विल्यम चार्डॅक यांनी त्या सर्किटच्या दोन तारा एका कुत्र्याच्या हृदयाला लावल्या, आणि हृदय सर्किटच्या तालावर चालू लागलं. पण पहिलं सर्किट इन्शुलेशन टेपमध्ये गुंडाळलेलं होतं. शरीरातल्या ओलाव्यापुढे टेप काही तासच टिकली. मग सगळं एपॉक्सीत (सुकून कडक होणाऱ्या राळेत) ओतून बंद केलं. (त्याच वर्षी ऑक्टोबरात स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसला. तो मान तिथल्या लोकांचाच.)

इथून पुढचा भाग आम्हाला सगळ्यात जवळचा. ग्रेटबॅच यांनी नोकरी सोडली. पाच मुलांचं घर. हाताशी 2000 डॉलर, आणि घरखर्च दोन वर्षं चालेल इतकी वेगळी रक्कम. घरखर्चाचे पैसे त्यांनी आधी पत्नी एलेनॉर यांच्या हाती दिले, आणि 2000 डॉलर घेऊन घरामागच्या, लाकडाच्या शेकोटीवर ऊब धरणाऱ्या कोठारात कामाला बसले. ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, सर्किटमधला छोटा भाग) तापवून तपासायच्या दोन भट्ट्या झोपायच्या खोलीत होत्या. तपासणीचं बरंचसं काम एलेनॉरच करायच्या. ट्रान्झिस्टर मीटरला जोडायचा, लाकडी पेन्सिलीने त्यावर टकटक करायची आणि आकडा हलतो का ते बघायचं. कित्येक सकाळी ग्रेटबॅच यांना जाग यायची ती त्या टकटकीनेच. दोन वर्षांत 50 पेसमेकर झाले. 40 प्राण्यांना बसवले, 10 माणसांना. 1960 मध्ये ज्या 77 वर्षांच्या आजोबांना तो बसवला, ते पुढे 18 महिने जगले.

मग अडचण बॅटरीची. पाऱ्याच्या बॅटऱ्या जेमतेम दोन वर्षं टिकत आणि पेशंटला पुन्हा ऑपरेशन टेबलावर घेत. लिथियम-आयोडीन बॅटरीचा मूळ शोध दुसऱ्यांचा, पण ती शरीरात निर्धास्त ठेवता येईल अशी केली ग्रेटबॅच यांनी. 1970 च्या दशकात ती आली आणि दोनाची दहाच्या आसपास वर्षं झाली. त्यांच्या नावावर 150 हून जास्त पेटंटं आहेत. बहात्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांनी स्वतः बनवलेल्या सौरऊर्जेच्या होडीतून 160 मैलांचा प्रवास केला. 2011 च्या जानेवारीत एलेनॉर गेल्या, आणि त्याच वर्षी 27 सप्टेंबरला, 92 व्या वर्षी, ते गेले.

आता आमच्याकडचं. काउंटरवरून जाणारा प्रत्येक रेझिस्टर आम्ही तुमच्यासमोर मीटरवर मोजून देतो. ट्यूबलाइटच्या उजेडात नारिंगी-हिरव्याची गफलत आमच्याही हातून होते, म्हणून तुम्हीही आकडा बघून घ्या. चुकीच्या ओहमचा रेझिस्टर लागून सर्किट काही वेगळंच वागलं, तर रेझिस्टर काढण्याआधी काय दिसतंय ते लिहून आणा, आपण बोलू.

घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर वस्तू दुरुस्तीला देताना जरूर सांगा. मग आम्ही अर्थिंग आणि बॉडीला करंट उतरतो का, हे खास तपासतो. चालू इंडक्शन शेगडीपासून त्यांनी दोन फूट लांब राहावं. मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नये. स्पीकरचं चुंबक छातीजवळ धरू नये. मायक्रोवेव्ह, मिक्सर, टीव्ही धडधाकट असतील तर काळजी नको. वेल्डिंगचं काम असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. ते जे सांगतील ते आमच्या पत्रकापेक्षा मोठं. पेसमेकरचं कार्ड पाकिटात असू द्या.