बोर्ड : फळीपासून संचालक मंडळापर्यंत

दहावीचा मुलगा बोर्डाची परीक्षा देतो, शाळेच्या बोर्डावर बैठक क्रमांक शोधतो आणि पुढे शिकायला बाहेरगावी गेला तर बोर्डिंगात राहतो. मराठीत हे तिन्ही शब्द इतके मुरले आहेत की त्यांची मुळं एकच असतील असं कुणाच्या मनातही येत नाही. इंग्रजी शब्दकोश उघडला की मात्र एकाच नोंदीखाली फळी, पाटी, जेवण, मंडळ, जहाज अशी सगळी गर्दी दिसते. ती पाठ करण्यापेक्षा फळीचा माग काढलेला बरा.

जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. त्याच रूपाचा दुसरा शब्द कड किंवा जहाजाची बाजू या अर्थाने होता आणि पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले, असं मानतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जेवणाचं टेबल म्हणजे लाकडी घोड्यांवर टाकलेली लांब फळी. जेवणं आटोपली की ती उचलून बाजूला ठेवायची. त्यामुळे फळी म्हणजे टेबल आणि टेबल म्हणजे त्यावरचं जेवण, असा अर्थ सरकत गेला. आपण 'पाटपाणी झालं का?' विचारतो तेव्हा लाकडाच्या पाटाची चौकशी थोडीच करत असतो! लॉजिंग-बोर्डिंगच्या पाट्यांमधलं बोर्डिंग म्हणजे हेच जेवणखाण. परदेशी हॉटेलांच्या 'फुल बोर्ड'मध्ये तिन्ही वेळचं जेवण येतं, 'हाफ बोर्ड'मध्ये न्याहारी आणि एक जेवण, बहुधा रात्रीचं. हे ठाऊक नसलं तर बिल पाहून डोळे पांढरे व्हायची वेळ येते.

त्याच टेबलाभोवती कारभारी मंडळी बसू लागली आणि त्या मंडळींनाही बोर्ड म्हणायला लागले. आपल्याकडे हा अर्थ राज्यकर्त्यांबरोबर आला. ईस्ट इंडिया कंपनीवर अंकुश ठेवायला ब्रिटिश पार्लमेंटने १७८४ च्या कायद्याने लंडनमध्ये 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमलं. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली, आणि 'लोकल बोर्डाची शाळा' हा शब्दप्रयोग खेड्यापाड्यांत रुळला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावरही जुनी माणसं कितीतरी दिवस बोर्डाची शाळाच म्हणत. आजचं परीक्षेचं बोर्ड, म्हणजे राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, १९६६ पासूनचं. कागदावर ते मंडळ. पण 'मंडळात पहिला आला' असं कधी कुणी म्हटलंय?

बोर्डिंगचा मराठी अवतार मला सगळ्यांत जवळचा वाटतो. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पाठोपाठ निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छताखाली आणली. गांधीजींच्या १९२७ च्या भेटीत त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. इंग्रजीत नुसत्या जेवणाची सोय सांगणारा शब्द इथे बहुजन समाजाच्या शिक्षणाचा दरवाजा झाला. जुन्या पिढीतला माणूस 'मी बोर्डिंगात शिकलो' म्हणतो, त्यात तो जेवणाबद्दल बोलत नसतो.

जहाजाचा धागा वेगळा. जहाजाच्या उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात, कारण जुन्या बोटींचं सुकाणूचं वल्हं त्या बाजूला असे. डावी बाजू 'लार्बोर्ड'. वादळात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये दुसरा शब्द टाकून 'पोर्ट' घेतला. जहाजावर चढणं ते 'बोर्ड' करणं. तेच क्रियापद आता विमानतळावरच्या बोर्डिंग पासात आहे.

वापरताना गोची होते ती 'द'मुळे. 'ही इज ऑन बोर्ड' म्हणजे तो जहाजात किंवा विमानात आहे, नाहीतर आपल्या बेताला राजी आहे. 'ही इज ऑन द बोर्ड' म्हणजे तो संचालक मंडळावर आहे. नोकरीच्या अर्जात हा 'द' चुकून जास्तीचा पडला तर उमेदवार परस्पर संचालक होतो. 'अबव्ह बोर्ड' म्हणजे उघड, प्रामाणिक. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर ठेवायचे, त्यावरून. आणि 'अक्रॉस द बोर्ड' म्हणजे सरसकट. पगारवाढीच्या पत्रात हे शब्द दिसले तर ती सगळ्यांना मिळालेली असते, एकट्या आपल्याला नव्हे.