नाइट घराणे (जोन्स काउंटी)

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील जोन्स व जॅस्पर या लगतच्या काउंट्यांमधील (जिल्ह्यांमधील) शेतकरी घराणे. यादवी युद्धात (१८६१–६५) गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, सैन्यातून फरारी होऊन त्याच सैन्याशी लढलेला न्यूटन नाइट (मृत्यू १६ फेब्रुवारी १९२२) या घराण्यातला.

न्यूटनचे जन्मवर्ष वादग्रस्त आहे. मुलाने लिहिलेल्या चरित्रात ते १८३० आहे, तर भाऊबंदांपैकी एका लेखिकेने १८२९ दिले आहे. १९०० च्या जनगणनेत मात्र नोव्हेंबर १८३७ अशी नोंद असून बहुतेक इतर जनगणनांशी ती जुळते. मुलाने बापाचे गुणगान केले आणि लेखिकेने त्याला फितूर ठरवले; दोघांनाही आपापली बाजू मांडायची होती. जनगणना करणाऱ्याला तसे काही साधायचे नव्हते, म्हणून १८३७ हेच वर्ष ग्राह्य वाटते. तसे धरल्यास सैन्यात जाताना तो तिशीतला नव्हे, चोविशीच्या आतबाहेरचा ठरतो.

आजोबा जॉन ऊर्फ जॅकी नाइट हे काउंटीतील मोठ्या गुलाममालकांपैकी एक. वडील अल्बर्ट यांच्याकडे मात्र गुलाम नव्हते. न्यूटनने १८५८ मध्ये सेरीना टर्नरशी लग्न केले व जॅस्परच्या हद्दीत लहानशी शेती केली. वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरील एका गोऱ्या पुरुषाला लष्करी भरतीतून सूट देणारा कायदा ऑक्टोबर १८६२ मध्ये आला आणि गरीब शेतकरी संतापले. न्यूटन त्यानंतर लवकरच फरारी झाला. १८६३ मध्ये फरारी शिपायांनी त्याला कप्तान निवडले. जोन्स काउंटीने स्वतंत्र राज्य जाहीर केल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते, पण तिला भक्कम कागदोपत्री आधार नाही. युद्धानंतर आपल्या तुकडीसाठी मोबदला मिळावा म्हणून त्याने वॉशिंग्टनकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे, अनेक वर्षे दावे केले. ते फेटाळले गेले.

वंशावळीतील खरी गुंतागुंत रेचेलपासून सुरू होते. ती जॅकीच्या घरची गुलाम. पुढे न्यूटनचा काका जेसी डेव्हिस नाइट याच्याकडे गेली. युद्धानंतर ती न्यूटनबरोबर राहिली व तिला त्याच्यापासून मुले झाली. तिच्या आधीच्या मुलांपैकी फॅनी व जेफ्री यांचे पितृत्व अनिश्चित आहे. काही अभ्यासक ते जेसीकडे असावे असे मानतात. न्यूटन-सेरीनाच्या मॅट व मॉली या मुलांनी अनुक्रमे फॅनी व जेफ्री यांच्याशीच लग्ने केली. जेसी खरोखर पिता असल्यास फॅनी व जेफ्री हे न्यूटनचे चुलत भावंड ठरतात, म्हणजे ही लग्ने घराण्याच्या आतच झाली.

जेफ्री व मॉली यांचा नातू डेव्हिस नाइट याने गोऱ्या स्त्रीशी लग्न केले म्हणून १९४८ मध्ये एलिसव्हिल येथे त्याच्यावर खटला भरला. आठव्या हिश्श्याइतके किंवा अधिक कृष्णवर्णीय रक्त असलेल्याने गोऱ्याशी लग्न करणे तेथे गुन्हा होता. रेचेल ही डेव्हिसची पणजी, म्हणून तिला पाहिलेल्या वृद्धांच्या साक्षी तिचे केस व वर्ण यांवर रेंगाळल्या. डेव्हिसला पाच वर्षांची शिक्षा झाली. पण १९४९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, वंशाचा हिस्सा सिद्ध झाला नाही म्हणून ती रद्द केली. कायदा मात्र कायम राहिला. असे सर्व कायदे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये घटनाबाह्य ठरवले.