पेनड्राइव्हमधला १९७७ सालचा तक्ता

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ साडेसहा जीबीचा आणि पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, तोही कोरा करकरीत. तरी कॉपी होईना. ‘फाइल फार मोठी आहे’ एवढंच लॅपटॉप सांगत राहिला. ताई पेनड्राइव्ह बदलून आणायला निघाली होती, तिला मी थांबवलं. पेनड्राइव्हमध्ये खोट नव्हती. अडत होतं ते चार बाइटच्या एका रकान्यावर, आणि तो रकाना फ्लॉपीच्या जमान्यात आखलेला आहे.

डिस्कला फाइल, फोल्डर, नाव यांतलं काहीच कळत नाही. तिच्यावर असतात फक्त क्रमांक दिलेले कप्पे, बराच काळ प्रत्येकी ५१२ बाइटचे. कोणत्या कप्प्यात कोणाचा माल आहे याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिम ठेवते. त्या हिशेबाच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात.

आपल्या पेनड्राइव्हवरची पद्धत १९७७ सालची. मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी ती एनसीआर कंपनीच्या टर्मिनलसाठी, बेसिक भाषेच्या एका आवृत्तीत लिहिली. काम आठ इंची फ्लॉपीपुरतं होतं. कल्पना इतकी साधी की आजही कागद-पेन्सिल घेऊन समजावता येते. डिस्कचे सारख्या आकाराचे गट पाडायचे, त्यांना क्लस्टर म्हणायचं. सुरुवातीला एक तक्ता ठेवायचा, त्यात प्रत्येक क्लस्टरसाठी एक घर. फाइलच्या नोंदीत फक्त पहिल्या क्लस्टरचा क्रमांक लिहायचा. समजा तो ५ आहे. तक्त्यातल्या पाचव्या घरात ९ लिहिलेलं असेल तर पुढचा भाग नवव्या क्लस्टरमध्ये. नवव्या घरात १० असेल तर त्यापुढचा दहाव्यात. दहाव्या घरात ‘समाप्त’ची खूण दिसली की फाइल संपली. रिकाम्या क्लस्टरच्या घरात शून्य. हाच फाइल अ‍ॅलोकेशन टेबल, म्हणजे फॅट.

सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समधल्या टिम पॅटर्सन यांनी १९८० मध्ये ८६-डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिताना हीच पद्धत उचलली. तेव्हा सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम जोरात होती. ती फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजायची, त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपतो हे कळण्यासाठी शेवटी एक खुणेचं अक्षर ठेवावं लागे. जुलै १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८६-डॉस विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती आयबीएम पीसीबरोबर बाजारात आली. तिच्यात प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची होती. नावाला आठ अक्षरं, प्रकाराला तीन, मग तारीख, पहिला क्लस्टर आणि शेवटचे चार बाइट फाइलच्या लांबीसाठी. लांबी आता एकेका बाइटपर्यंत अचूक.

ताईची फाइल अडली ती याच शेवटच्या चार बाइटांवर. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्याहून एक बाइटही जास्त झाला की लांबी लिहायला जागा उरत नाही. पण या माणसांना आखूड नजरेचं म्हणणं अन्यायाचं होईल. पहिल्या आयबीएम पीसीची फ्लॉपी १६० केबीची होती. चार बाइटांच्या रकान्यात मावणारी फाइल तशा २६ हजारांहून जास्त फ्लॉप्यांवर पसरली असती. त्या काळच्या मानाने हा मोठाच उदारपणा होता.

फाइल डिलीट झाल्यावर काय होतं, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फॅटमध्ये नोंदीतलं नावाचं पहिलं अक्षर पुसून तिथे २२९ हा अंक लिहिला जातो, संगणकाच्या सोळा-आधारी भाषेत ई५. तक्त्यातल्या साखळीवर शून्य पडतात. मजकुराला कोणी हात लावत नाही. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं तरी रानातलं पीक उभंच असतं, तसं. ई५ ही खूण सीपी/एममध्येही हीच होती. पुढे जपानी लिपीच्या संकेतात याच अंकाने सुरू होणारी अक्षरं निघाली आणि तशा नावाची फाइल डिलीट झालेली दिसू लागली असती, म्हणून तिथे ई५ऐवजी ०५ लिहायची सोय करावी लागली. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्राम काढला तो या उभ्या पिकाच्या भरवशावर. म्हणून कळकळीने सांगतो, कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो चुकून उडाले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. नवा फोटो त्याच रिकाम्या ठरलेल्या क्लस्टरांवर जाऊन बसतो.

डिस्क वाढत गेल्या तशी तक्त्याची घरं रुंद होत गेली. फ्लॉपीसाठी १२ बिटांची, १९८४ मध्ये १६ बिटांची, १९९६ मध्ये फॅट३२. सोळा बिटांच्या तक्त्यात साधारण ६५ हजारच क्लस्टर मोजता येत, म्हणून २ जीबीच्या डिस्कवर एकेक क्लस्टर ३२ केबीचा करावा लागे. चार ओळींच्या पत्रालाही ३२ केबी जागा जाई.

या पद्धतीचं खरं दुखणं मात्र भारनियमनाने दाखवलं. तक्ता लिहून होतो न होतो तोच वीज गेली, की साखळी अर्धवट. वीज परत आल्यावर विंडोज ९८मधल्या स्कॅनडिस्क या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामची ती निळी पट्टी सरकत जाताना घरातले सगळे श्वास रोखून बघायचे. मालक हरवलेल्या क्लस्टरांची स्कॅनडिस्क ‘फाइल००००.सीएचके’ अशी गाठोडी बांधून ठेवायची. आत कोणाचा प्रोजेक्ट आहे आणि कोणाचा अर्ज, ते उघडून ओळखायचं.

दुसरी वाट याच्याही आधी निघालेली होती. बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि रड कॅनडे यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल सिस्टिम आखली. तिच्यात प्रत्येक फाइलचा एक आयनोड, म्हणजे स्वतंत्र नोंद, असतो आणि मजकूर कुठे कुठे आहे त्याचे पत्ते त्यातून मिळतात. शेतकऱ्याच्या विखुरलेल्या जमिनी आठ-अच्या उताऱ्यावर एकत्र दिसतात, तसे. फॅटमध्ये मात्र पहिल्या गटापाशी जाऊन पुढच्याची चौकशी करायची. पुढे १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आली आणि २००१ मध्ये लिनक्सला ईएक्सटी३ मिळाली. या दोन्ही काय बदलायचं ते आधी रोजकीर्दीत टिपून ठेवतात आणि मगच बदलतात. वीज गेली तर कीर्द वाचून हिशेब जुळवतात.

आपल्या लिपीचाही यात संबंध येतो. विंडोज ९५ने लांब नावं आणली ती जुन्या नोंदी न मोडता. जादा नोंदींवर फक्त-वाचन, गुप्त, सिस्टिम आणि डिस्कचं नाव या चारही खुणा एकदम लावल्या, म्हणजे जुना डॉस त्यांच्याकडे दुर्लक्ष करी. अशा एका नोंदीत १३ चिन्हं मावतात. देवनागरीत ‘सातबारा उतारा’ लिहिलं तर काना-मात्रा आणि मधली मोकळी जागा धरून तेराच होतात. पुढे टिंब आणि पीडीएफची तीन रोमन अक्षरं आली की दुसरी नोंद लागते, आणि जुन्या पद्धतीची आखूड नोंद वेगळी. एका नावाला ९६ बाइट. लिनक्सच्या ईएक्सटी४मध्ये नावाला २५५ बाइट मिळतात, पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. रोमनमध्ये २५५ अक्षरांचं नाव चालतं, मराठीत ८५ चिन्हांवर गाडी थांबते.

एवढ्या उणिवा असूनही फॅट गेली नाही, कारण ती सगळ्यांना वाचता येते. नवा लॅपटॉप सुरू होताना यूईएफआय, म्हणजे त्याला जागं करणारा आतला प्रोग्राम, सर्वांत आधी ज्या छोट्या विभागातून वाचतं, तोही फॅटचाच असतो. २००६ मध्ये आलेल्या एक्सफॅट या नव्या फाइल सिस्टिममध्ये लांबीचा रकाना आठ बाइटचा आहे. पण तिला मायक्रोसॉफ्टचा परवाना लागे. तिचा आराखडा सर्वांसाठी खुला झाला तो ऑगस्ट २०१९ मध्ये.

ताईचा पेनड्राइव्ह मी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि व्हिडिओ एका दमात कॉपी झाला. संध्याकाळी तिचा फोन आला, घरातल्या जुन्या टीव्हीला पेनड्राइव्हच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फॅट३२ केला, व्हिडिओचे दोन भाग केले, हळदीचा एक आणि लग्नाचा एक, दोन्ही चार जीबीच्या आत. टीव्हीवर ते लगेच सुरू झाले.