स्टोव्हचा भडका आणि केसपेपरचा रकाना

‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली.’ ऐंशी-नव्वदच्या दशकात मराठी पेपर वाचणाऱ्यांना हे वाक्य पाठ असेल. आतल्या पानावर चार ओळींची बातमी आणि त्यात भाजल्याचे टक्के. इस्पितळाच्या केसपेपरवरही कारणाच्या रकान्यात बहुधा हेच लिहिलेलं असायचं. त्यामुळे जळीत रुग्णांची जुनी आकडेवारी वाचताना हा रकाना कोण आणि कसा भरत होतं, ते आधी पाहायला हवं.

स्टोव्ह अगदीच निर्दोष होता असं नाही. 1892 मध्ये स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस आपल्या स्वयंपाकघरात आला, तो त्याच्या पिनेसकट आणि काकड्यासकट. स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरला लावायचा, बर्नर तापला की पंप मारायचा. मग रॉकेलची वाफ होऊन निपलच्या बारीक भोकातून निळी ज्योत निघते. घाई केली, बर्नर थंड असतानाच पंप मारला, तर वाफेऐवजी कच्च्या रॉकेलची चिळकांडी उडते आणि तीच पेट घेते. वातीच्या स्टोव्हची तऱ्हा वेगळी: रॉकेल संपत आलं म्हणून तो पेटता असतानाच टाकीत ओतायचं. त्यात पेट्रोलची भेसळ असेल तर विचारायलाच नको. स्टोव्ह जमिनीवर, बाई समोर उकिडवी, पदर नेमका ज्योतीच्या उंचीवर. सुती लुगडं जळून जातं. नायलॉनची साडी वितळते आणि कातडीला चिकटते.

पण त्याच स्टोव्हवर सासूही चहा करायची. मग तो नेमका सुनेवरच कसा भडकतो, हा प्रश्न स्त्री संघटनांनी 1980 च्या सुमारास रस्त्यावर आणला. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, पण त्याला धार नव्हती. 1983 मध्ये सासरच्या छळाविरुद्धचं कलम 498-अ आलं आणि 1986 मध्ये 304-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई जळून मेली आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी.

तेव्हापासून जळीत वॉर्डातला मृत्युपूर्व जबाब हाच खटल्याचा कणा झाला. खूप खोल भाजलं की तिथल्या वेदनेच्या नसाही जळतात. त्यामुळे ऐंशी टक्के भाजलेली बाई पहिले काही तास शुद्धीवर असते, स्पष्ट बोलते. नवख्या नातेवाइकांना वाटतं, ही वाचणार. दंडाधिकारी येतात, डॉक्टर ‘जबाब देण्याच्या स्थितीत आहे’ असा शेरा मारतात. नवरा दाराशी उभा असतो, मुलं सासूकडे असतात. अशा वेळी ‘चहा करताना पदर पेटला’ एवढंच ती सांगत असेल, तर त्या वाक्याचं वजन कसं करायचं? पुढे 2002 मध्ये ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी डॉक्टरांच्या शेऱ्यावाचूनही जबाब ग्राह्य धरता येतो असं सांगितलं. दंडाधिकाऱ्यांची खात्री पटली असली की पुरे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2009 साली आलेल्या एका अभ्यासाने पोलिसांच्या आकड्यांचा फोलपणा उघड केला. 2001 या एका वर्षात भारतात आगीने सुमारे 1 लाख 63 हजार मृत्यू झाले असावेत, पोलिसी नोंदींच्या सहापट. त्यातल्या सुमारे 1 लाख 6 हजार बायका, बहुतेक 15 ते 34 वयाच्या.

जे इस्पितळापर्यंत पोचत, ते बहुतेक गरीबच. त्यांना परवडतील अशा, मुंबईच्या डॉक्टरांनी शोधलेल्या मलमपट्ट्या पाहा. डॉ. केसवानींनी 1985 मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी मांडली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरून पाहिलं. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्ण किंचाळत नाही. आपल्याकडे पानावर जेवणाऱ्यांना हे कळायला फार शास्त्र लागू नये.

मुंबईत 1955 मध्ये आलेला सिलिंडर 2016 च्या उज्ज्वला योजनेपर्यंत खेड्यांत पोचला आणि रेशनचं निळं रॉकेल मागे पडलं. तसा वॉर्डही बदलला. गॅस गळला की एका घरातले तिघंचौघं एकदम दाखल होतात, चेहरे आणि हात भाजलेले. पाच वर्षांखालची मुलं मात्र तेव्हाही कढत पाण्यानेच भाजत होती, आजही तशीच भाजतात: आंघोळीची बादली, ओट्याच्या कडेवरचा चहा.

आणि आता वीज. खिडकीजवळून गेलेली हाय टेन्शनची तार, शेतातली डीपी. केसपेपरवर टक्के मोजायची रीत साधी आहे: रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण एक टक्का, अख्खा हात नऊ टक्के. विजेने भाजलेल्या पोराच्या तळहातावर रुपयाएवढी काळी जखम असते, तळपायावर दुसरी. रकान्यात दोन टक्केसुद्धा भरत नाहीत. आत मात्र मनगटापासून दंडापर्यंतचे स्नायू शिजलेले असतात, आणि हात कोपराच्या वरून काढावा लागतो.