ठाण्याच्या खाडीपासून न्हावा-शेवापर्यंत : देश एकमेकांशी व्यापार का करतात?

नोव्हेंबरात वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्या दिसू लागल्या, की तो माल रत्नागिरी-देवगडचा नाही हे जाणत्या गिऱ्हाइकाला वेगळे सांगावे लागत नाही. हा हापूस आफ्रिकेतल्या मलावी देशातून विमानाने येतो आणि तिथल्या बागांची कलमे मूळची कोकणातली आहेत. जो देश स्वतःचा हापूस जपान-अमेरिकेपर्यंत पाठवतो, त्यानेच हापूस विकतही घ्यावा, हे वरवर पाहता विचित्र वाटते. मलावी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथला हंगाम आपल्या हिवाळ्याच्या तोंडावर येतो. कोकणातल्या आंब्याला मात्र तेव्हा अजून काही महिने अवकाश असतो आणि पैसे मोजून हापूस खाणारा माणूस मुंबई-ठाण्यात बारा महिने असतो. ऋतूंमधला फरक निसर्गाने दिला, पण त्या फरकाचा धंदा करणारे कलम, शीतगृह आणि विमान माणसाने उभे केले. देशादेशांतील व्यापार फरकावर चालतो, हे खरेच. मात्र त्यातले किती फरक निसर्गाचे आणि किती माणसाने घडवलेले, हे पाहिल्याशिवाय त्याचा इतिहास कळत नाही.

जुन्या ठाणे बंदराच्या काळात निसर्गाचे पारडे जड होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचे जे वर्णन केले, त्यानुसार येथून कमावलेले चामडे आणि सुती कापड बाहेर जात असे, तर सोने, चांदी आणि तांबे आत येत असे. घोड्यांची पैदास इथल्या दमट हवेत नीट होत नसल्यामुळे ते समुद्रमार्गे अरबस्तानाकडून आणावे लागत आणि लढाईसाठी त्यांना मोठी मागणी असे. ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी संधान बांधले होते. लुटीतले घोडे राजाने घ्यायचे आणि बाकीचा माल चाच्यांनी ठेवायचा, असा त्यांचा ठराव होता, असेही मार्को पोलो सांगतो. घोडा इथे होत नाही हे हवामानाने ठरवले; तो कोणाच्या पदरात आणि कोणत्या भावाने पडायचा हे सत्ता ठरवत होती.

सत्तेचा हा हस्तक्षेप त्याहूनही कितीतरी जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातली एक ग्रीक सागरी मार्गदर्शिका सांगते, की कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे मात्र तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप या दोन राजसत्तांच्या चढाओढीचा हा परिणाम मानला जातो. आजच्या व्यापारयुद्धांना नवलाई चिकटवणाऱ्यांनी कल्याणचे हे उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही.

व्यापाराचे कारण हिशेबाने मांडण्याचे श्रेय इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांना दिले जाते. त्यांनी १८१७ मध्ये दिलेले उदाहरण आजही वर्गात शिकवले जाते. ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक मद्याला १२०. पोर्तुगालमध्ये त्याच कापडाला ९० आणि मद्याला ८० माणसे पुरतात. म्हणजे पोर्तुगाल दोन्ही कामांत सरस आहे, तरीही त्याने कापड विकत घ्यावे, असे रिकार्डो म्हणतात. कारण ८० माणसांच्या श्रमाचे मद्य देऊन त्याला ९० माणसांच्या श्रमाचे कापड मिळते, आणि इंग्लंडला १०० माणसांच्या कापडाच्या बदल्यात १२० माणसांचे मद्य मिळते. दोघेही वाचवतात. स्वतःच्या दोन कामांपैकी कोणते तुलनेने स्वस्तात पडते, एवढेच पाहावे, असा हा युक्तिवाद असून त्याच्या गणितात खोट काढता येत नाही. मात्र एका देशाकडे मद्य आणि दुसऱ्याकडे कापड ही वाटणी आली कुठून, हे ते गणित सांगत नाही.

ठाण्याला त्याचे उत्तर रुळांवर मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु हा मार्ग पुढे घाटांवरून दख्खन आणि वऱ्हाडाकडे न्यायचा होता, त्यामागे इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना कापूस पुरवण्याची निकड हे एक प्रमुख कारण होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडकला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. कधी काळी कापड निर्यात करणारा प्रदेश आता कच्चा कापूस निर्यात करून इंग्लंडचे कापड विकत घेत होता. हा बदल जमिनीने किंवा पावसाने केला नव्हता. तो यंत्रांनी, जकातीच्या दरांनी आणि परकी राज्याने केला होता.

त्या अनुभवातून स्वतंत्र भारताने आयातीला बांध घालून देशातच कारखाने उभारण्याचा मार्ग धरला, हे समजण्यासारखे आहे. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टा हे त्याच धोरणाच्या काळातले. त्यातून उद्योग आणि कुशल कामगार उभे राहिले, तसेच स्पर्धेवाचून सुस्तावलेले उत्पादकही उभे राहिले. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोने परदेशात गहाण पडले, आणि मग दारे उघडली.

तोवर व्यापाराचे साधनच बदलले होते. अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांच्या जहाजाने एप्रिल १९५६ मध्ये नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर नेले आणि गोणी-खोकी खांद्यावरून चढवण्या-उतरवण्याचा खर्च गळून पडायला सुरुवात झाली. उरणजवळ न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, ते प्रामुख्याने या लोखंडी पेट्यांसाठीच. वाहतूक इतकी स्वस्त झाल्यावर सारख्याच प्रकारच्या मालाचीही देवाणघेवाण परवडू लागली. जर्मनी आणि फ्रान्स एकमेकांना मोटारी का विकतात, याचे उत्तर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९७९ मध्ये दिले : मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले की खर्च उतरतो, आणि ग्राहकाला निवडीला वाव हवा असतो. म्हणजे इथे निसर्गाचा फरक जवळजवळ उरलेलाच नाही.

सेवांच्या व्यापाराला तर बंदरही लागत नाही. ऐरोली-महापेच्या संकुलांत संध्याकाळी कामावर येणारी मुले अमेरिकेतल्या ग्राहकाची सकाळ सांभाळतात. घड्याळातले अंतर, इंग्रजीचे शिक्षण आणि पगारातली तफावत हाच तिथला कच्चा माल.

मात्र देशाला फायदा झाला म्हणजे देशातल्या प्रत्येकाला झाला, असे रिकार्डोंच्या गणितातून निघत नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. ज्या शहर-बंदर पट्ट्यातून आज देशाचा माल जातो-येतो, तो आगरी-कोळी लोकांच्या भातशेती, मिठागरे आणि मासेमारीच्या जागेवर उभा आहे. त्या आंदोलनानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत देण्याची योजना आली. ती हक्क म्हणून लढून मिळवावी लागली, व्यापाराच्या नफ्यातून आपोआप वाट्याला आली नाही.

वाशीच्याच कांदा-बटाटा बाजारात हा प्रश्न उलट्या बाजूने पुढे येतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ च्या सुरुवातीला, किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्काच्या अटीवर, उठवली. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा यासाठी घेतलेल्या या निर्णयाची किंमत नाशिक-अहमदनगरच्या उत्पादकाने पडलेल्या भावात मोजली, आणि आखातातल्या खरेदीदाराला दुसऱ्या देशांकडे वळावे लागले.